उदाहरणातलं तिकीट

२० जानेवारी

छोटे,

तुझ्या त्या फोनमधल्या कारकुनाने माझं डोकं उठवलंय. तू म्हणालीस, "ताई, तू नुसतं बोलायचं, खर्च तो लिहील. कंपनीला चाचणीसाठी पंधरा घरं हवीत, तू हो म्हण." म्हटलं हो. तुझ्या नोकरीचा प्रश्न, शिवाय हिशेबाची वही मलाही नकोशी झालेली. काल दुकानातून फोनला सांगितलं, "स्क्रू, दोन पाकिटं, ऐंशी." लगेच प्रश्न सुरू. हे घरासाठी की दुकानासाठी? पावती आहे का? कुणाकडून घेतले? आता तूच सांग, चष्म्याच्या दुकानात बसलेली बाई स्क्रू काय भाजीत घालणार आहे? गिऱ्हाईक समोर, एका हातात फ्रेम, दुसऱ्या हातात फोन, आणि मी त्याला जबानी देतेय.

बाबांची तर दया येते. मी त्यांना बजावून ठेवलंय की गल्ल्यातून काहीही घेतलं की फोनला सांगायचं, मग ते पाच असोत की पाचशे. माझी शिस्त तुला ठाऊक आहे. तर परवा ते म्हणाले, "दाढीची पाती." त्याने विचारलं, हे औजार समजू की प्रसाधन? बाबा त्याला "माफ करा" म्हणाले गं. मी वरच्या मजल्यावरून ऐकलं आणि हसून हसून जिन्यात बसले.

त्या पोराला म्हणावं थोडं डोकं चालव, दर वेळी माणसाला विचारू नकोस. आणि हो, फोनवर हे सांगत नाही, कारण बाबा शेजारीच बसलेले असतात. पत्रच बरं.

— ताई

२२ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या बाईंनी, म्हणजे ज्या माझं लिखाण तपासतात त्या 'कात्री'ने, पहिल्यांदा दात दाखवले.

तो पोरगा नाही, ताई. तो एआय एजंट. खर्च लिहिण्याचं साधन वेगळं आणि ते चालवणारा हा वेगळा. तू बोलतेस ते तो ऐकतो आणि साधनात नोंद करतो. ती कशी करायची हे त्याला सांगणारी पुस्तिका लिहिणं हे माझं काम. हो, माणसांसाठी नाही, त्याच्यासाठी. दहा वर्षं मी माणसांसाठी माहितीपुस्तिका लिहिल्या, एकानेही वाचल्या नाहीत. हा मात्र प्रत्येक नोंदीच्या आधी अक्षर न् अक्षर वाचतो. असा वाचक मिळाल्यावर माणूस हुरळणारच.

तुझ्या तक्रारीवरून मी ते पान बदललं आहे. आता लिहिलंय: 'माणूस अर्धवट बोलला तर त्याला पुन्हापुन्हा विचारू नये. जुन्या नोंदी आणि इथली उदाहरणं पाहून रिकाम्या जागा भराव्यात.' आणि प्रत्येक नियमाखाली एकेक उदाहरण. कात्रीचा हुकूम असा की उदाहरण खऱ्या घरातलं वाटलं पाहिजे, 'अमुक वस्तू, शंभर' असं मेलेलं नको. दोन दिवस बसून चाळीस उदाहरणं लिहिली. आता तुला त्रास होणार नाही.

बाबांना सांग, त्याला 'माफ करा' म्हणायची गरज नसते.

— छोटी

२ फेब्रुवारी, रविवार

छोटे,

घाईत लिहितेय, चुका झाल्या तर समजून घे.

आज दुकान बंद. बाबा महिन्याच्या पहिल्या रविवारी जातात तसे वाचनालयात गेले आणि संध्याकाळी आले. मी आठवड्याचा हिशेब बघायला फोन उघडला. काच, डिंक, दूध, वीज. आणि आजच्या तारखेला, सकाळी साडेनऊला, ही ओळ:

'दादाचं तिकीट. ६४०. प्रवास. दर महिन्याला.'

मी तीनदा वाचलं. चष्मा पुसून वाचलं.

सात वर्षांत या घरात त्याचा उल्लेख झालेला नाही. मी करू दिला नाही. आईला दवाखान्यात एकटं सोडून जो निघून गेला, त्याचं नाव माझ्या छपराखाली नको, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. आणि आज माझ्या हिशेबात त्याचं तिकीट? या फोनशी बोलणारी माणसं दोनच, मी आणि बाबा. आणि आपल्या घरात त्याला 'दादा' म्हणणारी तू एकटी. मी त्याची मोठी बहीण, बाबा त्याचे बाबा. मग हा शब्द इथे आला कुठून?

बाबांना अजून काही विचारलेलं नाही. ते बाहेरच्या खोलीत मुकाट्याने पेपर वाचतायत. आधी तू बोल.

— ताई

३ फेब्रुवारी

ताई,

आधी शांत हो. पाणी पी. चूक माझी आहे, आणि ती चूक निव्वळ कामातली आहे.

ती ओळ माझ्या पुस्तिकेतली आहे. 'दर महिन्याचा नेहमीचा खर्च' या नियमाखाली मी दिलेलं उदाहरण. काल सकाळी बाबांनी गल्ल्यातून शंभर घेतले असणार आणि फोनला म्हणाले, "ते नेहमीचंच." मी आत्ताच आवाज ऐकला, एवढेच शब्द आहेत. एजंटाने जुन्या नोंदींत 'नेहमीचं' शोधलं, सापडलं नाही. माझ्या पानावर सापडलं. त्याने तेच उचलून तुझ्या हिशेबात ठेवलं, रकमेसकट. विचारायचं नाही असं मीच त्याला सांगितलं होतं ना!

आमच्याकडे सकाळपासून धावपळ उडालीय. पंधरापैकी तीन घरांत दादाचं तिकीट निघालं. त्यातल्या एका घरात मुळात दादाच नाही, आणि तिथली बाई नवऱ्याला धारेवर धरून बसलीय की हा कोण आणि दर महिन्याला कुठे जातो. कात्रीने मला सगळ्यांसमोर अशी झाडली की कान अजून गरम आहेत.

तर घाबरू नकोस. ते तिकीट कुणी काढलेलं नाही. उदाहरण लिहिताना जे मनात आलं ते लिहिलं. दादाची आठवण येते मला कधीकधी, तेवढाच गुन्हा. बाबांना काही विचारू नकोस, उगाच त्यांच्या जिवाला घोर.

— छोटी

५ फेब्रुवारी

छोटे,

विचारलं.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं होतं, खरंच. म्हटलं बाबांना गंमत सांगावी. जेवताना मी म्हणाले, "बाबा, हा फोन काय लिहितोय बघा, दादाचं तिकीट, सहाशे चाळीस."

बाबांचा घास हातातच राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "छोटीने सांगितलं का तुला?"

मग मी ताटावरून उठले. जिना उतरून दुकानात गेले, शटर न उघडता अंधारात बसले. अर्ध्या तासाने बस स्टँडवर जाऊन भाड्याचा फलक बघून आले. तो राहतो त्या गावाचं भाडं तीनशे वीस. जाऊन येऊन सहाशे चाळीस. मनात आलं ते लिहिलं म्हणे! तुझ्या मनाला भाडं बरं पाठ असतं.

बाबांनी सगळं सांगितलं. वाचनालय नाहीच. पहिल्या रविवारी तो चार तास बसमधून येतो, स्टँडवरच्या उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी दोघं दोन तास बसतात, मग तो परतीची बस धरतो. साडेसहा वर्षं! तिकीट तू काढून देतेस. चहाचे शंभर बाबा माझ्या गल्ल्यातून नेतात आणि मी सांगितलंय म्हणून फोनला इमानदारीत कळवतात.

म्हणजे माझ्या घराच्या पाच मिनिटांवर माझं सगळं घर जमत होतं, मला सोडून. तू केसाने गळा कापलास, छोटे. माझ्याशी दर आठवड्याला हसून बोलत होतीस.

— ताई

६ फेब्रुवारी

ताई,

हो. खोटं बोलले. मागच्या पत्रात बोलले आणि त्याआधी साडेसहा वर्षं बोलत होते.

उदाहरण खरं वाटलं पाहिजे असं कात्री म्हणाली, म्हणून मी खरंच लिहिलं. चाळीसावं उदाहरण होतं, डोकं रिकामं झालं होतं, समोर त्या महिन्याचं काढलेलं तिकीट पडलं होतं. ते मशीन वाचणार, माझी ताई नाही, असं वाटलं. माझ्यासारखी मूर्ख मीच.

पण आता तोंड उघडलंच आहे तर ऐक. तुला सांगितलं नाही, कारण तू ऐकलं नसतंस. मी एकदा विषय काढला होता, आठवतंय? तू फोन ठेवलास आणि महिनाभर उचलला नाहीस. दादाची चूक मोठी होती, मान्य. दुपारची पाळी त्याची होती, आई उठताना पडली तेव्हा तो जागेवर नव्हता, चौथ्या दिवशी ती गेली. पण कुठे गेला होतास, असं विचारल्यावर तो फक्त "चूक झाली" म्हणाला. एक बहाणा सांगितला नाही त्याने. त्याला अजून किती वर्षं उन्हात उभं करणार आहेस?

बाबांवर राग काढू नकोस. त्यांना मुलगा भेटतो, एवढंच.

— छोटी

१७ फेब्रुवारी

छोटे,

अकरा दिवस तुला लिहिलं नाही. राग आला होता म्हणून नाही लिहिलं. आज लिहितेय ते वेगळ्याच कारणाने, आणि कसं लिहायचं ते कळत नाही. तू खुर्चीत बस.

काल बाबांना म्हटलं, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी स्टँडवर मी जाते. त्याला तोंडावर सांगते की पुन्हा या गावात पाऊल टाकू नकोस. बाबा काहीतरी पुटपुटले. माझा तोल गेला. मी म्हणाले, "ज्याने आईला मारलं त्याच्यासोबत बसून तुम्ही चहा पिता. तो घोट घशाखाली उतरतो कसा?"

बाबा उभे राहिले. भिंतीला हात लावून म्हणाले, "त्याने नाही. मी."

मला वाटलं, मुलाला पाठीशी घालतायत. मग त्यांनी सगळं सांगितलं.

त्या दिवशी अडीच वाजता बाबा दवाखान्यात गेले. तो दोन दिवस झोपला नव्हता. बाबांनीच त्याला म्हटलं, "घरी जा, अंघोळ कर, तासभर पड, मी बसतो." तो नको म्हणत होता, बाबांनी ढकलून पाठवलं. आईला झोप लागली. बाबा खाली फाटकापाशी हवा खायला गेले. तिथे दोन रखवालदार बुद्धिबळ खेळत होते. बाबांचेच शब्द लिहिते: "काळ्याचा उंट अडकला होता. म्हटलं, एक चाल सांगतो आणि वर जातो."

चाळीस मिनिटं, छोटे. चाळीस मिनिटं ते उभे राहून दुसऱ्याच्या चाली सांगत होते. वर आईला एकटीला बाथरूमला जायचं होतं.

तो घरून परत आला तेव्हा नर्स आईला उचलत होत्या आणि बाबा दारात थिजून उभे. त्याने बाबांना कोपऱ्यात नेलं आणि म्हणाला, "तुम्ही इथे नव्हताच. पाळी माझी होती. ताईला हेच सांगायचं." कारण आईनंतर बाबा माझ्याकडे राहणार हे ठरलेलं होतं, आणि मी कशी आहे हे त्याला माहीत होतं. बाबा म्हणाले, "तेवढ्या वेळापुरतं मी हो म्हटलं, ताई. वाटलं, दोन दिवसांनी सांगू. मग तू त्याला बाहेर काढलंस. मग तर माझी जीभच उचलेना."

आई गेल्यावर बाबांनी बुद्धिबळाचा पट माळ्यावर टाकला. मला वाटायचं दुःखाने. लोकांना कौतुकाने सांगायचे मी.

काल दुपारपासून मी बाबांशी एक शब्द बोललेले नाही. ताट वाढते, औषध ठेवते, निघून येते.

— ताई

१८ फेब्रुवारी

ताई,

मला हे माहीत नव्हतं. आईशपथ माहीत नव्हतं. पत्र वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. साडेसहा वर्षं मी दादाला तिकिटं पाठवली आणि प्रत्येक तिकिटासोबत मनात म्हटलं, जा रे, मी तुला माफ केलंय. मी! त्याला! केवढा माझा तोरा.

त्याला फोन केला. म्हटलं, बाबांनी ताईला सांगितलं. तो म्हणाला, "फोन ठेव," आणि ठेवलाच. तेव्हापासून उचलत नाही. पण तिकीट मी काढून पाठवलंय, नेहमीसारखं. येईल की नाही, देव जाणे.

इकडे कात्रीने ते पान माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं. आता पहिलीच ओळ आहे: 'उदाहरण ही नोंद नव्हे. समजलं नाही तर माणसाला विचार.' टाइप करताना रडू कोसळलं. आपण तिघांनी सात वर्षांत एकमेकांना एकदाही धड विचारलं नाही, ताई. त्याला "कुठे गेला होतास" असं आपण ओरडलो, विचारलं नाही.

तू बाबांशी बोल. हात जोडते.

— छोटी

२ मार्च, रविवार

छोटे,

आज मी गेले. बाबांना एवढंच म्हटलं, "तुम्ही नका जाऊ." दोन आठवड्यांतलं पहिलं वाक्य. ते मान हलवून खिडकीत जाऊन बसले.

बस पावणेबाराला आली. तो सगळ्यांच्या शेवटी उतरला. छोटे, त्याचे केस किती पांढरे झालेत! तू कधी बोलली नाहीस. त्याने कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघितलं, मग मला बघितलं, आणि तिथेच बसच्या पायरीवर मटकन खाली बसला. कंडक्टर ओरडतोय, चढणारे लोक ढकलतायत, हा ढिम्म. मी धावत गेले. माझ्याकडे बघून म्हणाला, "कधी गेले?"

मला क्षणभर कळेचना. बाबांच्या जागी मी दिसले, म्हणजे बाबा गेले, असं त्याला वाटलं. मी म्हटलं, "अरे गाढवा, जिवंत आहेत. घरी आहेत." तर तो रडायला लागला, मग मी लागले. स्टँडवरचे लोक बघत होते, बघोत.

चहा समोर आला तरी तो पीत नव्हता. कपाशी चाळा करत म्हणाला, "छोटीचा फोन आला होता. आता तुला सगळं कळलंय. मग बाबा सध्या कुणाकडे राहतायत?"

म्हटलं, "कुणाकडे म्हणजे?"

"नाही, तू त्यांना घरात ठेवलं नसशील असं वाटलं. मला वाटलं आज ते बॅग घेऊनच येतील. मी तयारीने आलोय." आणि मग अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "माझ्याकडे दुसरी खाट आहे ना त्यांच्यासाठी. पहिल्यापासून आहे."

छोटे, मला कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं. त्याला माझा राग नाही. तो मला टोमणा मारत नव्हता. सात वर्षं तो हिशेब करून बसला होता की एक दिवस ताईला खरं कळेल आणि ताई म्हाताऱ्या बापाला जिना उतरायला लावेल. आणि खोटं कशाला बोलू, दोन आठवड्यांपूर्वी, त्या पहिल्या रात्री, ते माझ्या मनात आलं होतं.

मी म्हटलं, "मला ती खाट बघायचीय." त्याच्या परतीच्या बसमध्ये त्याच्या शेजारी बसले. माझं तिकीट मी काढलं.

एकच खोली आहे. एक टेबल, त्यावर त्याची दुरुस्तीला आलेली घड्याळं, एक स्टोव्ह, खिडकीजवळ त्याची खाट. आणि आतल्या भिंतीला ही दुसरी. चादर ताणून घातलेली, उशी, पायथ्याशी घोंगडी. कुणी कधी झोपलेलं नाही. त्या खाटेमुळे खोलीत चालायला जागा नाही, अंग चोरून जावं लागतं. सात वर्षं तो असा अंग चोरून चालतोय. हे पत्र मी तिच्यावर बसून लिहितेय.

मघाशी बाबांना फोन लावला. म्हटलं, "बाबा, मी आज इथेच राहतेय, उद्या आम्ही दोघं येतो, जेवून घ्या." मग त्यांनी विचारलं, "खाट बघितलीस?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो. पहिल्याच भेटीत सांगितलं होतं त्याने. म्हणाला, लागली तर आहे."

म्हणजे माझ्या घरात, माझ्या हातचं जेवत, बाबा साडेसहा वर्षं निघायच्या तयारीत होते. तो स्टोव्हपाशी पाठ करून उभा होता, पण कान इकडेच. शेवटी मी म्हटलं, "बाबा, ती आता तुम्हाला नाही मिळायची. मी इकडे आले की मला लागेल."

— ताई